मैनाचं काळीज आणि माझी वाटी

देवी माझ्यावर कोपली, असं मी कितीतरी महिने लोकांना सांगत होते. कोपली कसली! माझं शहाणपणच उतू गेलं होतं.

झरी जामणीकडच्या आमच्या गावात टेकडीवरच्या देवीला, आमच्या मायला, मोहाच्या दारूचा नैवेद्य असतो. कापूस बुडाला आणि कर्जाने घरोघरची झोप उडवली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. सून सुमनला नुकते दिवस गेले होते. तिला मळमळायचं, झोप लागायची नाही. मी तर कुणी न विचारता गावाला सल्ले देणारी. रोज संध्याकाळी नैवेद्यातली वाटीभर दारू तिच्यापुढे धरायची. "पी वं, प्रसाद हाय. लेकरू वाघावाणी होईन." बिचारी नाक दाबून प्यायची. सासूला नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती.

मैना जन्मली ती मांजरीच्या पिलाएवढी. दोन घोट दूध प्यायली की धाप लागे, कपाळ घामाने भिजे. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी काळजात भोक असल्याचं सांगितलं आणि सुमनला विचारलं, "पोटुशी असताना दारू घेतली होती का?" सुमनने मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. गावभर जीभ चालवणारी मी हळूच सुमनच्या पाठीमागे सरकले. मागे रांगेत एक अनोळखी म्हातारी भजे खात उभी होती. तिने मला कोपर मारलं. "बोल न वं बाई. देवापुढं डोकं टेकवतं, अन् इथं कायले लपतं?"

"मीच पाजली," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, याच एका कारणाने झालं असं ठामपणे सांगता येत नाही. पण पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचं हृदय घडतं, त्याच्या भिंती उभ्या राहतात, आणि आईने घेतलेली दारू थेट बाळापर्यंत पोचते. म्हणून थोडीसुद्धा नको. देव भिंत बांधत होता, आणि मी त्याच्या हातावर रोज वाटी ओतत होते!

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी नवस बोलले नाही. "माय, आता तुझं तू पाहा," एवढंच म्हटलं. भोक बुजलं. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. देवी होती का? देवीला भजे आवडत असतील, तर होती.

आता टेकडीवर गरोदर बाई आली की तिच्या वाट्याची दारू मी मोहाच्या मुळाशी ओतते. "तुहा वाटा मायनं घेतला," असं सांगते. सुमन मागे उभी राहून गालात हसते. माफी मी कधी तोंडाने मागितली नाही. तिने ती केव्हाच देऊन टाकली.

परवा मैना नैवेद्याची टोपली डोक्यावर घेऊन टेकडी धावत चढली. वरून ओरडली, "काय वं आजी, दम लागला का?"

मी अर्ध्या वाटेवर खडकावर बसले होते. म्हटलं, "मले लागू दे. तुले नाही लागला न?"

मग मायकडे पाहून हात जोडले. मागायला काही उरलंच नव्हतं.