दुसऱ्या बाजूची खाच

जुन्या बाजारातून मावशींनी घडीचा चाकू आणला, तेव्हा त्यांच्या नणंदेने तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला.

"वहिनी, हा उघडतच नाही. चाकू आणलात की पेपरवेट?"

"उघडेल हो वन्सं. तुमचं तोंड नाही का उघडत, कुणी न विचारता?"

तीस वर्षं मावशींनी रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधली. गेल्या वर्षी उजवा अंगठा मोडला. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. तेव्हापासून मालकांनी त्यांना कुंड्यांवर चिठ्ठ्या लावायला बसवलं होतं. सोमवारी कलमांच्या टेबलावर नवी बाई येणार होती. "तोपर्यंत कलम जमवून दाखवा, मी तिला दुसरं काम देतो," मालक म्हणाले होते. तिथले चाकू आडदांड. हा लहानखुरा, सैल करून घेतला तर अंगठ्याला झेपेल, असा मावशींचा हिशोब.

चाकू रात्रभर रॉकेलमध्ये भिजला. सकाळी पक्कड लावून पातं ओढलं, गंज खरवडला, सांध्यात तेल सोडलं. मिटवून, पातं ओढायला नखासाठी असते त्या खाचेत उजवा अंगठा घातला. नख घसरलं. पुन्हा घसरलं.

"असू दे," म्हणत त्यांनी चाकू उलटा केला. पात्याच्या त्या बाजूलाही एक वेडावाकडा चर होता. कुणीतरी ठोकून केलेली खराबी. घासून सपाट करावी म्हणून त्यांनी कानस उचलली, दोनदा फिरवलीही. मग थांबल्या. ठोकर लागली तर कडा बोचऱ्या राहतात. ह्या गुळगुळीत होत्या, पायरी झिजावी तशा. आणि कारखान्यातून आलेली खाच मात्र कोरी करकरीत, जशी काही वापरलीच नव्हती.

"वन्सं, ह्याचा आधीचा मालक डावरा होता!"

"तुम्हाला चिठ्ठी पाठवली का त्याने?"

मावशींनी चाकू उजव्या मुठीत धरला, डाव्या अंगठ्याचं नख त्या चरात अडकवलं. पातं टक्कन बाहेर आलं. वर्षभर त्या मोडक्या अंगठ्याची मनधरणी करत होत्या; धडधाकट हात शेजारीच होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

धारेच्या दगडावर पातं लागलं. डाव्या हाताचे पहिले काप म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखे. रविवारी संध्याकाळपर्यंत गुलाबाच्या काड्यांचा ढीग पडला.

"सरपण छान झालंय," नणंद म्हणाली, आणि न सांगता आणखी काड्या छाटून आणल्या.

सोमवारी मालकांसमोर मावशींनी एकच काप घेतला, सावकाश. खोडाच्या चिरेत काडी बसवली. मालकांनी सांधा उजेडाकडे धरला. फट कुठेच दिसेना.

"वेळ फार लागतोय, मावशी."

"डावा हात नवीन आहे कामावर. शिकेल."

मालक हसले. चिठ्ठ्यांचा डबा नव्या बाईंकडे गेला.

घरी जाताना बसमध्ये कंडक्टरने डाव्या हाताने तिकीट फाडलं. मावशींनी त्याच्या अंगठ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "का हो, तुमचा एखादा चाकू हरवलाय का?"