नत्थी केलेला आराखडा

उदय प्रतापराव शिराढोणकर. जन्म ९ नोव्हेंबर १९५३, शिराढोण, तेव्हाचे हैदराबाद राज्य. मृत्यू २ जुलै २००९, चिक्कडपल्ली, हैदराबाद. व्यवसाय : मंडप व सभागृहांची सजावट. यांतील शेवटची नोंद अपुरी आहे आणि ती अपुरी राहण्यास मी कारणीभूत आहे, म्हणून हे लिहितो.

वडील प्रतापराव गावची वाटणीला आलेली जमीन भावाकडे सोपवून रेल्वेच्या भांडार विभागात कारकून झाले. उदय जामबागेतील मराठी शाळेत शिकले. चित्रकलेच्या महाविद्यालयात त्यांनी दोन वर्षे काढली. वडील निवृत्त होताच ते शिक्षण सुटले. पुढे जामबागेतच एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मंडपाचे सामान भाड्याने देण्याचा धंदा मांडला. सोबत खाजा मियाँ नावाचे सुतार होते. लग्ने, बारशी, मुंजी, गणेशोत्सव यांवर दोघांचे संसार चालत.

विजेची उपकरणे बनवणाऱ्या बालानगरच्या एका कंपनीत मी प्रशासन अधिकारी होतो. १९९१ पर्यंत आमचे विक्रेते माल मिळावा म्हणून आमच्या दारी तिष्ठत. पुढे दोनच वर्षांत काळ असा फिरला की त्यांनी आमचा माल ठेवावा म्हणून आम्हालाच त्यांची मनधरणी करावी लागू लागली. १९९३ मध्ये चारशे विक्रेत्यांचे संमेलन ठरले. व्यवस्थापकीय संचालकांना थाट पंचतारांकित हवा होता. मंजुरी वीस हजारांची होती. ती रक्कम ऐकून एक सजावटकार उघडपणे हसला. दुसऱ्याने चहा घेतला आणि पुन्हा तोंड दाखवले नाही. तिसरे शिराढोणकर.

त्यांनी जुन्या कामांची छायाचित्रे दाखवली नाहीत. रिकामे सभागृह पाहायला मागितले आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मग शेजारच्या खुर्चीवर. मग त्यापुढच्या.

"शिराढोणकर, मंच तिकडे आहे," मी म्हणालो.

"मंच कुठं पळतोय, मुकुंदराव? खांब कुणाच्या डोळ्यांसमोर येतो ते बघू द्या. तो माणूस दिवसभर खांबच बघून घरी जाणार आहे."

अशा चाळीस-पन्नास खुर्च्यांवर ते बसून पाहत; प्रत्येक कामाआधी त्यांचा हाच क्रम असे. त्या संमेलनासाठी त्यांनी एका खानसाम्याकडून स्टीलची दोनशे ताटे भाड्याने आणली, ती काळ्या कापडावर छताखाली निरनिराळ्या उंचीवर टांगली आणि खालून फक्त दोन दिवे सोडले. अंधार करून ते दिवे लावले तेव्हा विक्रेत्यांच्या तोंडून आपसूक उद्गार निघाला. मी मागे उभा होतो. खाजा मियाँ कानाशी येऊन म्हणाले, "साब, जल्दी ख़तम करो. कल येइच सितारों में वलीमे की बिर्याणी खाते लोगां." ती ताटे दुसऱ्या दिवशी निकाहानंतरच्या जेवणावळीला जायची होती.

पुढील पाच वर्षांत शिराढोणकरांनी आमचे अकरा समारंभ सजवले. एकदाही मंजुरीबाहेर खर्च गेला नाही, आणि एकदाही पाहुण्यांना खर्च कमी असल्याचे जाणवले नाही.

१९९८ मध्ये एका परदेशी कंपनीच्या भागीदारीतून आमचा नवा कारखाना उभा राहिला. उद्घाटनाला परदेशी संचालक, राज्यातले अधिकारी आणि शहरातल्या मोठ्या कंपन्यांचे प्रमुख येणार होते. शिराढोणकरांच्या दृष्टीने या कामाला वेगळे मोल होते. लग्नाचे मंडप सोडून केवळ कंपन्यांचे समारंभ रचावेत, असे त्यांनी ठरवले होते. आबिड्सला कचेरीसाठी एक खोली पाहून तिचा विसारही त्यांनी दिला होता.

"लग्नाच्या कमानीखाली कुणाचं नाव लिहिता येत नाही," ते मला म्हणाले. "तिथं नवरा-नवरीचं असतं, ते बरोबरच आहे. पण तुमच्या स्मरणिकेत एक ओळ द्या. रचना, उदय शिराढोणकर. ती ओळ दाखवून मी उरलेलं आयुष्य काढीन."

मी शब्द दिला. कामाचा आदेश निघाला की नाव छापखान्यात जाईल, असे सांगितले.

त्यांनी नव्या कारखान्याच्या रिकाम्या भागात दोन दिवस घालवले आणि एक आराखडा काढून आणला. मंच कडेला नव्हे, मधोमध. पाहुण्यांना बसायला माल पाठवण्याची लाकडी खोकी, वर पांढरी खादी. मंचामागे तांब्याच्या तारेच्या तुकड्यांचा तीस फुटी पडदा; हे तुकडे आमच्याच कारखान्यात रोज भंगारात जात. समारंभ संपला की खोकी मालासाठी आणि तांबे भंगारात परत. विकत घ्यायची ती फक्त खादी. त्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांची सही होती.

पन्नास हजारांवरील कामासाठी तीन मोहोरबंद दरपत्रके मागवावीत, असा आमचा नियम होता. तिघांनी तीन निरनिराळ्या कल्पनांचे दर दिले तर तुलना कशी करायची, हा प्रश्न मला पडला. तुलना न्याय्य व्हावी म्हणून तिघांनी एकाच कामाचा दर द्यावा, असे मी ठरवले. शिराढोणकरांच्या आराखड्याच्या प्रती काढल्या आणि इतर दोघांच्या चौकशीपत्रांना एकेक नत्थी केली. प्रती काढताना त्यांच्या सहीवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली. कोणाविषयी पक्षपात झाल्यासारखे दिसू नये, हा हेतू. त्या दिवशी आपण फार काटेकोर काम केले, असे मला वाटले होते.

मुंबईच्या एका संस्थेला हैदराबादेत पाय रोवायचा होता. तिने शिराढोणकरांपेक्षा चार हजारांनी कमी दर दिला. समितीने तो स्वीकारला. तांब्याच्या पडद्यासह सारे काम कमी दरामुळे मुंबईच्या संस्थेला दिले आहे, असे दोन ओळींचे नकारपत्र मी शिराढोणकरांना नियमाप्रमाणे पाठवले.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले. खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"तांब्याचा पडदा त्यांनी कसा काय सुचवला?"

"सुचवला नाही. सर्वांना समान माहिती देणे आवश्यक होते. तुमचा आराखडा जोडला होता."

"आणि सही?"

"झाकली. पक्षपात नको म्हणून."

ते हसले. "मुकुंदराव, घरात चोर शिरला तर माणूस निदान बोंब तरी मारतो. तुम्ही तर चोराला जावक क्रमांक घालून पत्र पाठवलंत."

उद्घाटनाला तेव्हा एकोणीस दिवस बाकी होते. संचालकांकडे जाऊन 'ही चूक माझी, निविदा रद्द करा' एवढे सांगण्यास दहा मिनिटे पुरली असती. मी नियमावली उघडली. दरपत्रके उघडल्यानंतर सबळ कारणाशिवाय निविदा रद्द करता येत नाही, असे कलम सापडले. ते कलम सापडल्याने मला हायसे वाटले होते, हे मी आज लिहून ठेवतो. मीच केलेली चूक हे सबळ कारण होते. ते कागदावर आणण्याचे धैर्य मला झाले नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मुंबईच्या मंडळींनी तो पडदा टांगला आणि दारातून वारा येताच तारा एकमेकींत गुंतल्या. तीन तास सोडवूनही त्या पुन्हा गुंतत. संचालक माझ्यावर ओरडले. मी शिराढोणकरांच्या घरी दूरध्वनी केला. प्रथम त्यांच्या पत्नी वंदनाताई बोलल्या; मग ते आले. मी अडचण सांगितली. 

"प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला एक नट बांधा," ते म्हणाले. "वजनानं सरळ राहतील. नट तुमच्याच भांडारात आहेत. पण मुकुंदराव, आराखड्यासोबत मलाही नत्थी करायचं होतंत."

नट बांधले. पडदा सरळ राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात तो झळाळला तेव्हा परदेशी पाहुणे भाषण थांबवून त्याच्याकडे वळले आणि ही कल्पना कोणाची, असे त्यांनी विचारले. संचालकांनी मुंबईच्या संस्थेच्या प्रतिनिधीला मंचावर बोलावले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि टाळ्या वाजवत होतो. स्मरणिकेच्या चौथ्या पानावर 'रचना' या शब्दापुढे त्या संस्थेचे नाव छापले गेले. त्या समारंभास आलेल्या दोन कंपन्यांनी आपली पुढील कामे तिलाच दिली.

आबिड्सची खोली शिराढोणकरांनी सोडली. ते पुन्हा लग्नांच्या मंडपांकडे वळले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले. मी त्यांना पुढे तीनदा चौकशीपत्रे पाठवली. तिन्ही 'सवड नाही' एवढ्या शेऱ्यासह परत आली. रस्त्यात भेटले तर ते थांबून प्रकृती विचारीत. त्या विषयावर बोलत नसत. मीही बोललो नाही. २००१ मध्ये मी निवृत्त झालो. २००९ मध्ये एका लग्नाच्या तयारीतून घरी आल्यावर हृदयविकाराने ते गेले.

त्यांच्यामागे जे मिटले ते असे. शेड व सामान खाजा मियाँनी घेतले आणि ठरलेली रक्कम वर्षभरात वंदनाताईंना पोहोचवली. कन्या मृण्मयीचे वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण झाले. वडिलांचे सारे आराखडे तिच्याकडे आहेत. त्यांतला १९९८ चा मूळ कागद माझ्या कपाटात राहिला होता, तो मी तिला परत केला.

मिटले नाही ते असे. मी कंपनीला सविस्तर पत्र लिहून स्मरणिकेतील नोंद दुरुस्त करण्याची विनंती केली. तोवर कंपनी संपूर्णपणे परदेशी भागीदाराकडे गेली होती. हा विषय पूर्वीच्या व्यवस्थापनाच्या काळातील असल्याने त्यावर कार्यवाही करता येत नाही, असे उत्तर आले. उत्तर नियमाला धरून होते. माझ्या संग्रहातील प्रतीत शाईने दुरुस्ती करावी, असे मनात आले. पण छापील पुस्तकात कोणी हाताने लिहिल्याने नोंद बदलत नाही.

मग घडला प्रकार मी एका साध्या कागदावर लिहिला, खाली सही केली आणि चिक्कडपल्लीला वंदनाताईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवला.

"हे ते असताना त्यांना हवं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला तर पहिल्यापासून ठाऊकच होतं."

तो कागद मी परत आणला.