सात सह्यांचा अर्ज

"आई, तिथे तुमचा वेळ छान जाईल," असं सून म्हणाली तेव्हाच माझं डोकं फिरलं. वेळ काय, कुठेही जातो! पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं घरातल्या प्रत्येकाशी वाजत होतं, टीव्हीशीसुद्धा. शेवटी गेले बाई खामगावातल्या त्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात. पहिल्याच दिवशी हातात प्लास्टिकचा चेंडू दिला. म्हणे, समोरच्या बादलीत टाका, आम्ही टाळ्या वाजवू.

"अहो, साठ-साठ पोरांचे वर्ग हाकलेत मी," मी म्हटलं. "बादली दुसऱ्या कोणाला द्या."

केंद्र चालवणारी बाई म्हणजे निवृत्त नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणतात. ती हसली आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरचीची वीस रोपं लावलेली होती. "ही आजपासून तुमची," ती म्हणाली.

झालं, मला वर्गच मिळाला. प्रत्येक डब्यावर नंबर टाकला, पाणी घालायच्या पाळ्या लावल्या, पाळी चुकवली म्हणून एका माजी हेडक्लार्कला सगळ्यांसमोर झापलं. खरं सांगते, कितीतरी दिवसांनी मला सकाळी उठावंसं वाटायला लागलं.

महिनाभराने अमडापूरच्या आजी आल्या. माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण सगळे आजी म्हणत म्हणून मीही म्हणायचे, जशी काही मी कॉलेजात जात होते. जन्म सगळा भाजीपाला पिकवण्यात गेलेला. नवरा वारल्यावर मुलाने त्यांना इथे आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं होतं. मुलगा-सून दोघंही नोकरीला. एकदा आजी एकट्याच चालत एसटी स्टँडवर गेल्या आणि अमडापूरची गाडी विचारत बसल्या. तेव्हापासून मुलगा बाहेरून कुलूप लावून कामाला जाई. सिस्टरने त्याला समजावलं, तेव्हा कुठे तो आईला रोज गाडीवरून केंद्रात सोडायला लागला. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे आधीच कबूल करते.

आजी कोणाशी बोलत नसत. चेंडूला हातही लावला नाही. थेट मिरच्यांजवळ जाऊन बसत. मला वाटलं, बसू दे बिचारीला.

एका सोमवारी येऊन बघते तर तीन डबे रिकामे! आणि चौथं रोप आजींच्या हातात, मुळासकट.

"काऊन उपटता हो?" मी ओरडले. रागात माझी शाळेतली भाषा पार उडून जाते. "तुमच्या बापानं लावली होती काय?"

त्या काहीतरी सांगायला लागल्या, हात करून पानं दाखवायला लागल्या. पण मी बोलू देईन तर ना! सगळी नोकरी मी बोलत आले आणि समोरचे ऐकत आले. मी त्यांच्या हातातून रोप हिसकावलं, फेकलेली तिन्ही उचलून आणली आणि चारही पुन्हा डब्यांत खोचून त्यांना काड्यांचे टेकू दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा उपटली. मी पुन्हा लावली. आणि मग घरी जाऊन रेघांच्या कागदावर, समास सोडून, अर्ज लिहिला. सदर महिलेच्या डोक्यावर परिणाम झालेला असून इतर सदस्यांना त्रास होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली सात जणांच्या सह्या घेतल्या. पहिली माझी, दुसरी हेडक्लार्कची.

सिस्टरने वाचून अर्जाची घडी घातली. "मी बोलते त्यांच्या मुलाशी," एवढंच म्हणाली. संध्याकाळी मुलगा आला. त्याने उभ्या उभ्या अर्ज वाचला, सात सह्या पाहिल्या, आणि बिचाऱ्याची मानच खाली गेली. "माफ करा बाई, उद्यापासून नाही आणत मायले," म्हणाला. सिस्टरने खूप विनवलं, पण तो ऐकेना. अर्ज त्याने खिशात घातला. आजी गाडीवर बसल्या, आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यांकडे मात्र गल्लीच्या वळणापर्यंत बघत होत्या.

पंधरा दिवस गेले. मी खोचलेल्या रोपांची पानं आक्रसली. मग शेजारच्या डब्यांतली, मग त्याच्या पुढच्या. मी एक फांदी घेऊन कृषी केंद्रात गेले. दुकानदाराने नुसतं पाहिलं. "बोकड्या रोग हाय बाई, पसरत जाते. पहिलं रोप दिसलं तवाच उपटून फेकाले पाह्यजे होतं. तुमच्याकडं कोणी जुनं जाणतं माणूस नाही काय सांगाले?"

फांदी मी तिथेच टाकली.

तशीच पत्ता विचारत आजींच्या घरी गेले. दाराला बाहेरून कुलूप. हाक मारली तर जिन्यात उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आल्या. पंधरा दिवसांत अर्ध्या झाल्या होत्या. मी काही बोलायच्या आत गजातून विचारलं, "किती राह्यले?"

"आठ."

"पानं खालून गुंडाळली का वरतून? पांढरी माशी उडते काय?"

मी सांगत गेले, चुकत गेले, त्या दुरुस्त करत गेल्या. जन्मात कधी कोणासमोर अशी उभी राहिले नव्हते. शेवटी मला राहवेना. "आजी, तो अर्ज मी लिहिला होता."

"ठाऊक हाय. पोरानं वाचून दाखोला. अक्षर लय सुंदर हाय म्हणे तुमचं."

मी तिथेच, त्या जिन्यात, पदर तोंडाला लावून रडले.

रात्रभर वाट न पाहता संध्याकाळीच दुसरा अर्ज लिहिला. मिरच्यांची सर्व जबाबदारी आजींकडे द्यावी, मागील अर्जातील प्रत्येक शब्द चुकीचा होता. तेच सात जण, तीच क्रमवारी. हेडक्लार्क कुरकुरला, त्यालाही सही करायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी उभं राहून मी तो आजींना वाचून दाखवला. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"मिरचीचं सारं लिह्यलं," त्या म्हणाल्या. "कुलपाचं काईच नाही लिह्यलं."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून खाली एक ओळ वाढवली, आजींच्या दाराला बाहेरून कुलूप लावू नये, आणि मुलगा येईपर्यंत थांबले. त्याने वाचलं. किल्ली त्याच्या हातातच होती. "मले काय हौस हाय काय बाई, मायले कोंडाची? हरवली तं कुठं पाहू?" मी म्हटलं, "ती अमडापूरले पळून नव्हती जाऊन राह्यली रे. तिले माती पाह्यजे. आणि माती आमच्याकडं हाय."

सकाळी गाडी केंद्रासमोर थांबली. आजी उतरल्या. घराची किल्ली त्यांच्या कनवटीला होती. त्या सरळ डब्यांकडे गेल्या, आठही रोपं पाहिली, आणि मला सगळ्यात टवटवीत वाटत होतं तेच उपटून माझ्या हातात दिलं.

"काऊन?" मी विचारलं.

मग त्या सांगायला लागल्या, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत मी मधे एक शब्द बोलले नाही.