शनिवारचं डिझेल

लासूर स्टेशनवर उतरलो तेव्हा आमचे दाजी फलाटावर नव्हते. बाहेर आलो तर जीपकडे पाठ करून उभे. ती कुणा परक्याची गाडी असावी असा चेहरा.

“ही बघा तुमच्या भाचीची करामत,” रामराम व्हायच्या आधीच म्हणाले. “चढा. नाय, थांबा. खोका देतो.”

त्यांनी मागून एक लाकडी खोका काढून माझ्या पायाशी ठेवला. जीप जुनीच, पण चाकं नवी, चांगली रुंद आणि उंच. माझ्या गुडघ्यांना ती उंची मानवेना, तेव्हा खोक्यावर पाय देऊन, दाजींनी खालून रेटा देऊन, मी एकदाचा वर पोचलो. मी निफाडचा कापडवाला. आयुष्य गादीवर बसून गेलेलं. प्रवासाची सुरुवातच अशी झाल्यावर माणसाने पुढची काय आशा करावी!

मुळात मी आलो होतो फिरायला नव्हे, तंटा मिटवायला. धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन आला होता. “दादा, दोन दिवस ये. शीतल बापाच्या गाडीत बसत नाही. आम्ही गाडीनं जातो नि पोर मागून एसटीनं येते. लोक बघतात रे. मला सहन होत नाही.” शीतल माझी भाची. वाळूजच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करते, आठवडाभर तिकडेच मैत्रिणींबरोबर खोली करून राहते आणि शनिवारी संध्याकाळी घरी येते. बाप-लेकीचा एकमेकांवर फार जीव. आता दोघंही तोंडं फिरवून बसलेली. म्हणून शुक्रवारी दुकान पोराच्या हवाली केलं आणि मनमाडला गाडी बदलून इथं आलो.

लासूरच्या बाजारातून बाहेर पडलो तशी दोन्ही बाजूंना कपाशी लागली. बोंडं फुटलेली, काही रानांत वेचणी चाललेली. हवेत गारवा होता. दाजी मात्र सबंध रस्ताभर एकच रडगाणं गात होते. “लई डिझेल पिती, दादा. पैल्यासारखं ॲव्हरेज ऱ्हायलंच नाय.” गंगापूर मागे टाकलं, ऊस लागला, तरी ॲव्हरेज काही संपेना. मी हं हं करत बाहेर बघत राहिलो.

मग फाटा आला. फाट्यावर एक चहाचं हॉटेल, पत्र्याचं, बाहेर दोन बाकडी. तिथून आत दाजींच्या वस्तीपर्यंत काळ्या मातीचा गाडीरस्ता. चाकोऱ्या गुडघाभर खोल आणि मधे उंचवटा. मला ठाऊक होतं, मागे एकदा याच रस्त्यात जीपचं पोट उंचवट्यावर टेकलं होतं आणि आम्ही सगळे उतरून ढकलत बसलो होतो. आता मात्र जीप डौलात त्यावरून गेली.

“वा! कशी झोकात निघाली!” मी म्हणालो.

“निघती की,” दाजी चटकन म्हणाले, आणि लगेच पुन्हा डिझेलवर आले.

रात्री जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेलं पीठ, या भागात ते प्रत्येक घरात असतं). तिसऱ्या वाटीनंतर सुमनने सगळं सांगितलं. पावसात गाडी रुतून बापाचे हाल होतात म्हणून शीतलने दिवाळीच्या बोनसातून ही चाकं घेतली, स्वतः उभी राहून बसवली. महिन्याभराने दाजी फाट्यावरच्या हॉटेलात चारचौघांत म्हणाले, “पोरीनं हौसंपायी गाडीचं वाटोळं केलं.” सगळे हसले. आणि शीतल नेमकी तेव्हाच एसटीतून उतरून मागे उभी होती. ती एवढंच बोलली, “मग काढून टाका चाकं. तोवर मी या गाडीत पाय ठेवणार नाय.”

“आणि चाकं काढली नाहीत?” मी विचारलं.

“काढतायत कसली! रोज फडक्यानं पुसतात,” सुमन म्हणाली. दाजी अंगणात हात धूत होते. बराच वेळ धूत होते.

शनिवारी सकाळी दाजी म्हणाले, चला, तुम्हाला संभाजीनगर दाखवतो. मला वाटलं, पाहुणचार. पण हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी किलोमीटरच्या एका दगडाशी गाडी थांबवली आणि मीटरवर बोट ठेवलं. “हा आकडा ध्यानात ठेवा.” मग गाडी सोडली. दगडामागून दगड गेले. दहावा दगड आला तशी पुन्हा थांबले. “आता बघा.”

मीटर नऊच किलोमीटर पुढे सरकला होता.

मी दगडाकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे तर माझ्या धंद्यातलं! गज लांब झाला तर तेच कापड कमी भरतं. मीटर बिचारा चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात गाडी जास्त रस्ता कापायला लागली, पण मीटरच्या लेखी फेरा अजून जुन्याच मापाचा. गाडी दहा चालते आणि तो नऊच धरतो. मग ॲव्हरेज कमी दिसणार नाही तर काय!

“दाजी, म्हणजे गाडी फार पीतच नाही!”

“थोडं पिती,” ते समोर बघत म्हणाले. “चाक जड हाय, रुंद हाय. जागेवरनं हलवायला जोर लागतो. पण मी बोंब मारली तेवढं नाय.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“झालं की लई दिवस.”

“आणि पोरीला सांगितलं नाहीत? कमाल आहे तुमची!”

“बाप हाय मी, दादा. तुम्ही सांगा. तुम्ही मामा हाय, तुमचं ऐकंल ती. मामानं समजूत घातली म्हणून मिटलं, असं झालं म्हंजे बरं.”

आत्ता उमजलं, फोन सुमनचा असला तरी बोलावणं कुणाचं होतं ते. मला हसू आलं आणि जरा रागही आला. तरी हिशोब पुरा व्हायला हवा म्हणून मी विचारलं, “मीटरचं समजलं, जड चाकाचंही समजलं. पण तुम्ही सांगता तेवढी तूट यातून निघत नाही. बाकीचं डिझेल जातं कुठं?”

दाजींनी गिअर टाकला. “ते शनिवारी जातं,” एवढंच म्हणाले.

शहरात आम्ही पाणचक्की पाहिली. डोंगरातून नळाने आणलेल्या पाण्यावर पूर्वी इथं जातं फिरायचं. मी हौदातले मासे बघत होतो आणि दाजी जात्याच्या खोलीसमोरून हलेनात. “बघा, ना डिझेल, ना मीटर,” म्हणाले. दुपारी एका लहानशा खानावळीत नान-खलिया खाल्ला (नान म्हणजे जाड, मऊ, पिवळसर रोटी, खलिया म्हणजे मटणाचा तवंगदार रस्सा). वाढणाऱ्या चाचांनी माझी टोपी बघून विचारलं, “किधर के मेहमान?” निफाड म्हटल्यावर त्यांनी कांद्याचा भाव विचारला. मी कापडवाला आहे हे ऐकून त्यांची पार निराशा झाली, पण रस्सा मात्र पुन्हा वाढला.

परतताना वाळूजपाशी पाळी सुटली होती. कारखान्यांच्या बसगाड्या, दुचाक्यांची रांग, डबे लटकवलेली माणसं. मी म्हणालो, इथूनच शीतलला घेऊ. दाजींनी मान हलवली. “नाय बसायची.” आणि फाट्यावर येऊन हॉटेलासमोर एसटीची वाट बघत राहिले. बाकड्यांवर माणसं होतीच. आमच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती.

एसटी आली. शीतल उतरली. मला बघून तोंडभर हसली, “मामा! कधी आलात?” पाया पडली. जीपकडे मात्र नजर नाही. पिशवी खांद्याला लावली आणि गाडीरस्त्याने चालू लागली.

आणि दाजींनी जीप सुरू करून तिच्या मागे घातली. पहिल्या गिअरमध्ये. ती थांबली की थांबायचं, चालली की चालायचं. मधे चार हातांचं अंतर. इंजिन नुसतं घुमत होतं आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती.

“दर शनिवारी?” मी विचारलं.

“दिस बुडतोय. कपाशी उंच हाय. एकटी जाती पोर,” दाजी म्हणाले. “मागं उजेड असलेला बरा.”

मी उतरलो, खोक्याशिवाय, आणि भाचीला गाठलं. मीटरची गोष्ट सांगू लागलो तर ती म्हणाली, “मामा, मी दिवसभर मापंच तपासते. मला नाय कळणार? हे असं होतंय ते मी त्याच शनिवारी घरी आल्यावर सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी चारचौघांत माझं हसं केलं.”

“मग आता काय हवं तुला?”

“जिथं बोलले, तिथंच सांगावं. बास.” तिचे डोळे भरून आले होते. “मला काय पायी चालायची हौस हाय का?”

मी जीपपाशी येऊन खिडकीतून दाजींना तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मला वाटलं, झालं, आपली खेप फुकट गेली. तेवढ्यात गिअर खरकन पडला आणि जीप मागे जायला लागली.

वळवायला जागाच नव्हती. दाजी मान बाहेर काढून उलटे फाट्याकडे निघाले. एक मागचं चाक चाकोरीबाहेर सरकलं, कडेच्या पाण्याच्या चारीपाशी गेलं.

“बाबा! डावीकडं चारी हाय!” शीतल ओरडली आणि पिशवी माझ्याकडे टाकून धावत जीपच्या मागे गेली. “या... या... थोडं उजवीकडं... या!” हात हलवत, मागे मागे सरत, तिने बापाला थेट हॉटेलापर्यंत नेलं. मी पिशवी घेऊन मागून धापा टाकत पोचलो.

दाजी उतरले.

“ऐका,” दाजी म्हणाले. आवाज जरा चिरकला. “गाडीचं वाटोळं झालं म्हन्लो व्हतो इथं. गाडी ब्येस हाय. चाकं ब्येस हायेत. मीटर खोटा व्हता. आन् मीबी.”

हॉटेलवाला कपबशी पुसता पुसता म्हणाला, “व्हय का? म्हंजे आता शनिवारची आमची करमणूक बंद!” सगळे हसले. या वेळी शीतलही हसली. मग ती चाकावर पाय देऊन टुणकन पुढच्या सीटवर जाऊन बसली. माझ्यासाठी कुणी खोकासुद्धा काढला नाही. मी कसाबसा मागे चढलो.

रविवारी ती दोघं मला लासूरला सोडायला आली. जीप शीतल चालवत होती आणि दाजी शेजारी बसून दगड मोजत होते. मधेच दगड चुकला म्हणून भांडले, आणि ते भांडण मी आनंदाने ऐकत राहिलो.

घरी येऊन दुकानात बसलो. गज हातात घेतला की अजून तो रस्ता आठवतो, कपाशीतून जाणारा, आणि मान ताठ करून चालणारी पोर, आणि मागे घुमणारी जीप. मी सगळं आयुष्य मापात घातलं, पण असं काही मोजायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

परवा दाजींचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“दादा, ॲव्हरेज वाढलं!”

“चाकं बदललीत की काय?”

“छ्या! चाकं तीच हायेत.”