डिझेलात पाणी

पाणी आपोआप येत नसतं, ते कुणीतरी घालतं. दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या बाईला एवढं एक कळलं तरी पुरतं. किटली घेऊन आलेला माणूस कितीही गोड बोलू दे, देवाची शपथ घेऊ दे, म्हशीनं काल ओली वैरण खाल्ली म्हणून दूध पातळ झालंय म्हणू दे, मी लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय त्याच्या तोंडाकडं बघत नाही. माघारी लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. ह्या धंद्यात भोळं राहून चालत नाही.

आमचं केंद्र डाळजच्या पुढं, हमरस्त्यापासून जरा आत, धरणाच्या पाण्याच्या अंगाला आहे. गावाचं दोन्ही वेळचं दूध आमच्या कूलरमध्ये गार होतं आणि सकाळी बारामती एमआयडीसीतल्या डेअरीचा टँकर येऊन घेऊन जातो. लाईट गेली की जनरेटर. त्याच्यासाठी शेडच्या मागं, उघड्यावर, लोखंडी स्टँडवर डिझेलची टाकी. वर झाकणाला कुलूप, खाली तोटी. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी माझ्या धाकट्या जावेकडं, कारण मी दूध मोजत असले की जनरेटरचं तीच बघायची.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली. जनरेटर लावला, त्यानं जरा धापा टाकल्या आणि गप झाला. आमच्या ह्यांनी फिल्टर खोलून त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतलं. वर डिझेल, खाली पाणी, आणि मधे काळपट, शेंबडासारखं काहीतरी. लाईट सकाळपर्यंत आली नाही. टँकरवाल्यानं दूध तपासलं आणि पाईपसुद्धा न सोडता निघून गेला. सगळ्या गावाचं दूध आम्ही ओढ्यात ओतलं. दुपारी डेअरीच्या साहेबांनी फोनवर शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर केंद्र तुमच्याकडून काढून शेजारच्या गावाला देऊ.

मी ह्यांना म्हणाले, "कुणीतरी पाणी घातलंय."

"डिझेलात कोन कशाला पाणी घालंल?"

"दुधात कशाला घालत्यात? आपल्याला काढून घ्यायचं आन् तेवढंच पाणी भरायचं. काठी बुडवली की मापाला माप."

मग मी माझी परीक्षा केली. टाकीतलं डिझेल नळीत घेऊन त्यात लॅक्टोमीटर सोडला. दुधात पाणी जितकं जास्त तितका तो खाली जातो. इथं तर तो सरळ तळाला जाऊन बसला. माझं डोकंच फिरलं. पंपावरनं नुकतंच कॅनमधनं आणलेलं डिझेल घेतलं, त्यातही तळाला. म्हणजे पंपवालासुद्धा सामील. हे हसून हसून खाली बसले. "अगं, डिझेल पाण्यापरास हलकं असतंय. त्यात त्यो बुडनारच." हसा म्हटलं, हसतील त्याचे दात दिसतील. लॅक्टोमीटर चुकला असेल, मी चुकलेली नाही.

कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, त्यातली एक माझी. मग राहिलं कोण? धाकटीचा भाऊ भवानीनगरच्या कारखान्याला ऊस ओढतो. आमच्या बाजूची तोड असली की आमच्या शेडमागं ट्रॅक्टर लावायचा आणि बहिणीच्या हातचा चहा पिऊन जायचा. आता ट्रॅक्टर नेमका टाकीपाशीच का लावायचा? तिथं ना सावली ना काही. किती वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी बावळटासारखी त्याला वर बिस्किटं देत होते.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा चहा मीच नेऊन दिला. "काय रं, डिझेल कुठनं भरतोस अलीकडं?"

"हायवेच्या पंपावरनं, आक्का. का वं?"

"न्हाय, सहज. आमच्या टाकीत पाणी निघाया लागलंय म्हणून इचारलं."

त्यानं भरलेली कपबशी तशीच कट्ट्यावर ठेवली आणि उठला. धाकटी दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. संध्याकाळी मी तिच्यापुढं हात केला, "ती किल्ली दे जरा. एकाकडंच असलेली बरी." तिनं पदराची गाठ सोडून किल्ली माझ्या हातावर ठेवली. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. भांडली असती तर खरी वाटली असती.

आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडं. शिवाय आणखी एक शहाणपण केलं. टाकी आधीही अर्धीच असायची, ती आता मी जवळजवळ रिकामी ठेवायला लागले, तळाला असेल तेवढंच डिझेल. चोराला मिळायलाच नको. तोटीतनं सगळं पाणी काढून टाकलं आणि निवांत झाले. थोड्याच दिवसांत बाटलीत धरून बघितलं, तर पाणी परत हजर, आणि आधीपेक्षा जास्त.

झोपच उडाली. तिसरी किल्ली केली असणार. साबणावर ठसा घेऊन करतात म्हणे. म्हणून पहाटे उठून, शाल गुंडाळून, शेडमागं पोत्यावर दबा धरून बसले. धरणाकडनं धुकं आलेलं, समोरचा ऊससुद्धा दिसत नव्हता. कुणी आलं नाही. उजाडल्यावर मी कुलूप काढून झाकण उचललं, तर झाकणाला आतनं थेंबच थेंब, भाताच्या पातेल्यावरचं ताट उचलावं तसे. टाकीच्या रिकाम्या भागालाही आतनं तसेच थेंब सुटलेले. एकेक ओघळून खाली डिझेलात जात होता. माझ्या डोळ्यांदेखत.

दिवसा उन्हात तापायचं, रात्री गारठायचं. टाकी जितकी रिकामी तितकी तिच्यात दमट हवा, आणि जितकी हवा तितकं पाणी. चोर नको म्हणून मी जी जागा रिकामी ठेवत होते, तिथंच ते धरत होतं. मला लाज वाटली, फार वाटली. आणि खरं सांगते, त्याच दमात मनात आलं, हे कुणाला सांगायचंच नाही.

पण टाकी आतनं साफ केल्याशिवाय सुटका नव्हती, आणि तिच्या तोंडातनं आत जाईल एवढा बारीक हात घरात धाकटीचाच. तिला बोलावून झाकणाखालचे थेंब दाखवले. तिनं बघितले, "व्हय," म्हणाली. टाकी पालथी करून सगळं डिझेल काढलं. पाण्याचा थेंब न लावता, कोऱ्या फडक्यांनी, खांद्यापर्यंत हात घालून तिनं आतलं काळं बुळबुळीत पुसून काढलं. मी फडकी देत होते.

"भावाला सांग, चहाला येत जा म्हणावं," मी म्हणाले.

"सांगते की."

आता टाकीवर पत्र्याची सावली आहे. चार बोटं सोडून ती कायम भरलेली असते. दर आठवड्याला तोटीतनं पहिलं डिझेल बाटलीत धरून पाणी बघायचं, असा नेम केलाय. जनरेटर त्यानंतर बंद पडला नाही आणि केंद्र आमच्याकडंच राहिलं. भावाचा ट्रॅक्टर तेवढा रस्त्यानं सरळ जातो. धाकटीला मी तिची किल्ली परत दिली, तिनं घेतलीही. हसते, बोलते, माझ्या पोरांचे लाड करते. मला वाटतं, मिटलं.

पण पाणी बघायचा दिवस आला की शेडमागनं तिची हाक येते. ती कुलपाला किल्ली लावून, न फिरवता, उभी असते. लोकांना रांगेत ताटकळत ठेवून मला जावं लागतं.

"या, आक्का. हितं, अशा म्होरं उभ्या ऱ्हावा. मग उघडते."