साखर-लिंबाच्या अक्का

साखरेचा खरा उपयोग साऱ्या बंगळुरात एकाच बाईला कळला होता, आणि ती बाई आमच्या मागच्या घरात राहत होती. बाकीचे लोक साखर कॉफीत घालत, शिऱ्यात घालत, सणावाराला तिच्या पाकात लाडू वळत. अक्कांना ही सगळी नासाडी वाटे. साखर देवाने बायकांच्या अंगावरचे केस काढण्यासाठी दिली आहे, त्यातून उरली तर खायला हरकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. रेशनवर साखर आली की आजूबाजूच्या घरांतून तुपाचा, वेलचीचा वास येई. अक्कांच्या घरातून लिंबू पिळलेल्या पाकाचा वास येई आणि थोड्या वेळाने कुणाची तरी किंकाळी. मी लग्न होऊन चिकपेटेच्या मागच्या गल्लीत नवी आले तेव्हा पहिल्यांदा ती किंकाळी ऐकून माझ्या हातातलं ताट पडलं. मला वाटलं, शेजारी सुनेला मारतात. सासूबाई शांतपणे वाती वळत म्हणाल्या, "मारत नाहीत गं. अक्कांचा पाक जमला."

अक्कांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. त्या माणूस ओळखत ते हातावरून. "ती नाही का गं, मनगटापासून कोपरापर्यंत गवत असलेली," असं त्या म्हणत आणि आश्चर्य म्हणजे ती कोण ते आम्हाला बरोबर कळे. एका लग्नात सगळ्या बायका नवरीच्या बांगड्या बघत होत्या आणि अक्का त्या बांगड्या वर सरकवून खाली काय आहे ते बघत होत्या. "दोन-चार बांगड्यांत भागलं असतं," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "बाकीच्या झाकायला घातल्यात." त्यांचा स्वतःचा हात मात्र असा, की त्यावर माशी बसली तर घसरावी. भर बाजारात त्या पदर खोचून, हात लांब करून भाव करीत, आणि भाजीवाली भाव कमी करीत नसे तेव्हा तिच्या हाताकडे बघून "अय्यो पाप" असं हळहळत. भाजीवाली चिडे, पण पुढच्या आठवड्यात तीच मागच्या दाराने अक्कांकडे आलेली मी पाहिली आहे.

ही विद्या त्या दंडूत शिकल्या. लष्कराच्या भागाला इथले लोक दंडू म्हणतात. अक्कांचे वडील तिथे नोकरीला होते आणि शेजारी अरबी घोडे विकणारा एक व्यापारी राही. त्याची बायको समुद्रापलीकडून आलेली. तिला कानडी येत नव्हतं की मराठी, आणि अक्कांना तिची भाषा येत नव्हती. "एक शब्द न बोलता शिकले मी हे सगळं," अक्का अभिमानाने सांगत. मला वाटतं, तेव्हाचं न बोलणं त्या पुढे जन्मभर भरून काढत होत्या.

पाक करताना मात्र त्यांचं तोंड बंद असे. जाड बुडाच्या पातेल्यात साखर, लिंबाचा रस आणि जेमतेम भिजेल एवढं पाणी घालून त्या चुलीपुढे अशा बसत, जशी एखादी बाई आजारी मुलाच्या उशाशी बसते. रंग मधासारखा झाला की थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. पाण्यात त्याची मऊ गोळी झाली की पातेलं उतरवायचं. मग तो गोळा सोसवेल इतका निवला की बोटांनी ओढून ओढून मळायचा, तो नव्या गुळासारखा पिवळट, चमकदार होईपर्यंत. त्या वेळी घरात कुणी बोललेलं, शिंकलेलं, दाराची कडी वाजवलेली त्यांना खपत नसे. एकदा पोस्टमन ओरडला आणि पाकाची साखर झाली. पुढे कित्येक दिवस तो बिचारा अक्कांच्या घराशी आला की सायकलवरून उतरून पावलं न वाजवता येई.

गोळा तयार झाला की पहिली परीक्षा यजमानांच्या डाव्या हातावर. अक्कांचे यजमान एका कचेरीत कारकून होते. अतिशय गरीब माणूस. अक्कांनी "अहो" म्हटलं की ते वर्तमानपत्रातून मान न काढता डावी बाही वर करीत. त्यामुळे त्यांचा डावा हात बाळासारखा आणि उजवा अस्वलासारखा होता. कचेरीत ते कडक उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जात. साहेबांनी त्याबद्दल त्यांची शिस्तीचा माणूस म्हणून तारीफ केली होती म्हणे.

एवढं झालं की मग आपली पाळी. तांदळाची पिठी लावून अक्का गोळा केसांच्या उलट्या दिशेने दाबून पसरत, आणि नेमका ओढायच्या क्षणी स्वयंपाकातला एखादा साधासा प्रश्न विचारत. "काल सारू कशाचं केलंस गं?" आपण भाबडेपणाने "टोमॅ..." म्हणायला जावं, तोवर सर्रकन गोळा निघालेला असे. मी मुळात कमी बोलणारी. मला प्रश्न विचारून उपयोग नाही हे त्यांना लवकरच कळलं. मग त्या मला म्हणत, "सूनबाई, तुझ्या नवऱ्याचं नाव घे." आणि मी लाजून खाली बघितलं की काम झालेलं असे.

माझी नणंद तारा अक्कांकडे कधी गेली नव्हती. ती गोरीपान, त्यामुळे हातावरचे आणि ओठावरचे केस अधिकच उठून दिसत. तिला बघायला दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते. एका ठिकाणच्या मावशीने बांगड्या बघायच्या निमित्ताने तिचं मनगट धरलं आणि पटकन सोडलं. मागाहून निरोप आला, मुलगी चांगली आहे पण हात पुरुषी आहेत. त्या दिवसापासून तारा मनगटापर्यंत बाह्या असलेली पोलकी शिवून घेऊ लागली, पंगतीत वाढेनाशी झाली, देवळात यायची बंद झाली. मग देवनहळ्ळीहून एक स्थळ सांगून आलं. जुनं मराठी घर, मुलगा शाळेत शिकवणारा, आई मात्र फार चौकस आणि तोंडाने तिखट असं ऐकलं. तारा रात्री माझ्याजवळ म्हणाली, "वहिनी, या वेळी नाही म्हणाले तर मी पुन्हा कुणापुढे बसणार नाही." ती हे रडून म्हणाली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून अक्कांकडे नेलं. काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी नुसती तिची बाही वर केली. अक्कांनी बघितलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "अगं, एवढ्यासाठी देवाला भेटायची बंद झालीस? आमच्या यांचा उजवा हात बघ जा. ते जातात की रोज कचेरीला."

तारा किती तरी दिवसांनी हसली.

ओठाचं काम त्यांनी तेव्हाच केलं. हातांचं पाहुणे यायच्या आदल्या दिवशी करायचं ठरलं, पण सासूबाई आडव्या आल्या. शुक्रवारी आमच्याकडे अंगावरचा केस काढत नाहीत, शनिवारी तर मुळीच नाही, आणि पाहुणे रविवारी दुपारी यायचे होते. "सरी," अक्का म्हणाल्या, "रविवारी सकाळी करू. दुपारपर्यंत लाली जाते."

रविवारी सकाळी आमच्या मागच्या पडवीत ताराचा डावा हात झाला. अक्कांनी उजव्यासाठी ताजा गोळा मळून पितळी वाटीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत निवायला ठेवला, आणि तेवढ्यात दारात जटका, म्हणजे इथला टांगा, थांबला. बोलणी लांबून रविवारचा संध्याकाळचा राहुकाळ लागायला नको, म्हणून देवनहळ्ळीची मंडळी सकाळच्याच बसने निघून आली होती! एकच धांदल उडाली. मी ताराची वेणी घालते, अक्का तिच्या हाताची पिठी पुसतात, "उजवा हात पदराखाली ठेव गं, काही झालं तरी काढू नको" म्हणतात, तोवर सासूबाईंनी रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे गूळपाणी नेऊन ठेवलं. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसे. त्यांनी खिडकीतली पितळी वाटी उचलली होती.

तारा बाहेर येऊन खाली मान घालून बसली. मी आणि अक्का दाराआड. मुलाची आई भारदस्त, रुंद चेहऱ्याची. त्यांनी वाटीतला गूळ तोंडात टाकला, ताराला पायापासून डोक्यापर्यंत नजरेने मोजलं, विचारायला तोंड उघडायला गेल्या, आणि तोंड उघडेना. "म्म," त्या म्हणाल्या. सासूबाईंना वाटलं, पसंत नाही. त्यांचा चेहराच उतरला. "म्मम्म!" पाहुण्या जबड्याला हात लावून म्हणाल्या.

"आई, काय झालं?" मुलगा घाबरला.

अक्कांनी दाराआडून वाटी बघितली आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की बाहेर जटक्याचा घोडा खिंकाळला. "अय्यो, माझा गोळा!"

"कसला गोळा?" सासूबाई म्हणाल्या.

अक्कांना थाप मारता येत नसे असं नाही. "ती आपली दंडूतली मिठाई..." अशी त्यांनी सुरुवातही केली. पण तारा मध्येच बोलली. तिने पदराखालचा हात काढला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"ते खायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या हातावरचे केस काढायला केलंय. हा हात झाला, हा व्हायचाय."

सासूबाईंनी भिंत धरली. ज्यांनी बोलायचं त्यांचे दात चिकटलेले, त्यामुळे ती शांतता काही संपेना. मुलगा ताराच्या एका हाताकडे बघे, मग दुसऱ्याकडे. शेवटी त्याने हळूच विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं," तारा म्हणाली.

अक्कांनी पाहुण्यांना उठवून स्वयंपाकघरात नेलं. "भिऊ नका, साखर आणि लिंबूच आहे, विष नाही. गरम पाणी धरा तोंडात, स्वल्प हलवा. गिळलंत तरी चालेल." पाणी मीच देत होते. गोळा विरघळला, जबडा मोकळा झाला, आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी देवाचं नाव घेतलं. पाहुण्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, दाराकडे एकदा बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे ओठावर चालतं का हो?"

अक्कांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "बसा," त्या म्हणाल्या.

बाहेर सासूबाई मुलाला पाऊसपाणी विचारत होत्या. एवढ्यात आतून एक किंकाळी आली. ठरणार असलेली सोयरीक मोडली अशी सगळ्यांची खात्री झाली. मग पाहुण्या बाहेर आल्या. ओठ लाल, डोळ्यांत पाणी, पण चेहरा कसा उजळलेला. जागेवर बसून पदर सारखा करीत त्या म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. मुहूर्त बघा."

ताराच्या लग्नानंतर तिच्या सासूबाई काही ना काही निमित्ताने बसने अक्कांकडे येऊ लागल्या. येताना घरच्या झाडाचा चकोता, म्हणजे आपलं पपनस, आणत. लिंबापेक्षा हा मोठा, म्हणून त्याचा रस घातला तर गुणही मोठा येईल, असं एकदा अक्कांच्या मनात आलं. तो पाक काही केल्या सुटेना. यजमान दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले ते फायलीला चिकटूनच परत आले असं माझ्या सासूबाई सांगत, त्यात थोडी भर असेल.

तारा पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मी तिला घेऊन अक्कांकडे गेले. अक्का मागच्या पायरीवर शेंगा सोलत होत्या, यजमान जरा बाजूला वर्तमानपत्र घेऊन बसलेले. ताराचं पोलकं कोपरापर्यंतच्या बाह्यांचं होतं आणि हातांवर केस पूर्वीसारखेच आले होते. अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय गं, देवनहळ्ळीत लिंबं मिळत नाहीत? का मी शिकवलेलं विसरलीस?"

"विसरले नाही हो अक्का," तारा म्हणाली. "मी पाक केला होता. ते म्हणाले, दुखतं ना तुला? मग असू दे. मला चालतंय."

"असू दे म्हणाला?"

"हो."

अक्का काही तरी कडक बोलणार असं मला वाटलं. त्यांनी ताराचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावरून नुसता तळवा फिरवत राहिल्या, वरून खाली, वरून खाली. "सरी," त्या म्हणाल्या. "आमच्या यांनी असं एकदा जरी म्हटलं असतं ना..."

"म्हटलं होतं की मी," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

अक्का वळल्या. "कधी?"

"लग्न झालं त्याच वर्षी. तू पाक ढवळत होतीस. म्हणालीस, गप्प राहा, बिघडेल."

अक्कांचा ताराच्या हातावरून फिरणारा तळवा थांबला. यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं आणि ते त्यांच्याकडे बघत होते. मी ताराला डोळ्याने खुणावलं. आम्ही दोघी हळूच उठलो. एरवी कॉफी घेतल्याशिवाय अक्कांनी आम्हाला कधी जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही गेलेलं त्यांना कळलंसुद्धा नाही.