आईच्या चवीचं सोम ताम

मलेशियाचा नासी लेमाक हा माझ्या मते त्या सगळ्या मुलखातला पहिल्या नंबरचा पदार्थ आहे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर तळलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं, बारके सुके मासे आणि गोडसर लाल चटणी. बोंबलाच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. व्हिएतनामच्या फोबद्दल मात्र मी एवढा उदार नाही. हाडं तासन्‌तास उकळून काढलेलं नितळ पाणी, त्यात तांदळाच्या शेवया, वरून मूठभर पाला. चव चांगली असते, पण तर्री नसलेला रस्सा आमच्या परभणीकडे आजाऱ्याला देतात. थायलंडचं पाद थाई म्हणजे चिंच-गुळात परतलेल्या शेवया. पहिले चार घास छान लागतात.

हे सगळं शहाणपण एकाच सहलीतलं आहे. धाकटा भाऊ बँकॉकला नोकरी करतो, बायकोही त्यानं तिथलीच केली. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं शेजारचे देशही दाखवले. शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. आग्नेय आशियाचा नकाशा फळ्यावर काढायचा आणि मुख्य पीक भात, एवढं सांगून मोकळं व्हायचं. तिथं भावजयीपुढे मी पाद थाईला तुमचा राष्ट्रीय पदार्थ म्हणालो, तर ती हसली. ते पाहुण्यांसाठी, घरात आम्हाला सोम ताम लागतं, असं तिनं भावाकडून सांगितलं. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईचा कीस मिरची, लसूण, शेंगदाणे आणि लिंबू घालून कुटायचा. म्हणजे ठेचाच की, असं मी म्हणालो. तिला ते फारसं आवडलं नसावं.

गेल्या हिवाळ्यात ती दोघं तीन आठवड्यांसाठी आमच्या गावी, पेडगावला आली. भावजय पहिल्यांदाच सासरी येत होती. लग्न तिकडंच उरकलं होतं, आईला नंतर कळवलं. आई त्यावर चकार शब्द बोलली नव्हती आणि भावाला त्याचीच धास्ती होती. "आईनं हिच्या हातचं खाल्लं की झालं," तो मला म्हणाला. "मग ती घरची झाली."

दुसऱ्याच दिवशी भावजयीनं परसातली कच्ची पपई काढली, आमच्या दगडी खलबत्त्यात लसूण-मिरची घातली, बॅगेतून माशांच्या खारट पाण्याची बाटली आणली आणि कुटायला बसली. कुटता कुटता चमच्यानं चव घ्यायची, लिंबू पिळायचं, तोच चमचा परत खलात. आई दारात उभी होती. तिनं ते पाहिलं आणि आत गेली. जेवताना तिनं त्याला हात लावला नाही. पोट भरलंय म्हणाली, आणि चटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या.

भावजय हिरमुसली. मिरची जास्त झाली असं तिला वाटलं. खरं कारण आम्हा दोघा भावांना माहीत होतं, आणि ते आधी सांगायचं आम्हालाच सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

आमच्या घरात रांधताना चव घेत नाहीत. हे नैवेद्यासाठी नाही, आम्ही बौद्ध, आमच्याकडे नैवेद्य नसतो. आईची आई मोठ्या घरांतलं लग्नकार्य आटोपलं की पत्रावळींवर उरलेलं पदरात बांधून आणायची आणि लेकरं त्यावर पोसायची. धर्मांतर झालं त्या वर्षी आजोबांनी ते बंद केलं. आई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तेव्हापासून कुणाचंच उष्टं कुणी खायचं नाही, नवऱ्याचं बायकोनंसुद्धा नाही. आईनं हा नियम पार पातेल्यापर्यंत नेला. मीठ ती अंदाजानं टाकते. अंदाज चुकला तर आम्ही मुकाट्यानं जेवतो.

भावानं हे सगळं बायकोला सांगितलं.

चार दिवसांनी तिनं परत पपई काढली. या वेळी एका तांब्यात सात-आठ चमचे धुऊन ठेवले होते. कुटून झालं तेव्हा स्वतः चव न घेता तिनं एका चमच्यात थोडं घेतलं आणि आईपुढे जाऊन बसली.

"आई, कसं पाहिजे ते ती विचारायलीय," भाऊ म्हणाला. "तिकडं असंच विचारून करतात."

आईनं चमच्याकडे पाहिलं. "आधी कुणी खाल्लंय?"

"कुणीच न्हाई. तूच पहिली."

आता ती उठून जाणार असं मला वाटलं. आईनं चमचा हातात घेतला आणि खाल्लं.

"लिंबू पिळ म्हणावं."

तो चमचा बाजूला पडला, दुसरा आला. "अजून." मग तिसरा. पाचव्या चमच्याला आई म्हणाली, "आता बस."

ताटात वाढलेलं खाताना माझे दात आंबले. भाऊ डोळे बारीक करून खात होता. भावजय आईच्या ताटाकडे बघत होती.

"आई, तुला एवढं आंबट आवडतं," मी म्हणालो, "आमाला कधी कळलंच न्हाई."

"कुणी इचारलं व्हतं?" आई म्हणाली, आणि तिनं आणखी वाढून घेतलं.